चार बोटं माती

“पी,” चेअरमन म्हणाला.

माझ्या हातात पितळेचा तांब्या. तांब्यात आमच्या वस्तीच्या हापशाचं पाणी. समोर जीपला टेकून जिल्ह्याचे साहेब उभे, नाकाला रुमाल लावून. आणि चहूबाजूंनी आमची सगळी वस्ती, बाया, बाप्ये, लेकरं, ठेवणीतले कपडे घालून. मी तेव्हा दहावीत होते. दोन वेण्या घालून, शाळेचा निळा झगा चढवून मला मुद्दाम पुढं उभं केलं होतं.

झालं असं की साहेब माती न्यायला पिशव्या घेऊन आले होते, पण पाणी न्यायची बाटली कचेरीतच राहिली होती. परत जाऊन आणायची तर उस्मानाबाद लांब, आणि ऊन मी म्हणत होतं. साहेब जरा ओशाळले. तेव्हा चेअरमन हसून म्हणाला, “बाटली कशाला लागती साहेब? ही मानसं रोज पितेत की हे पानी. बगा तुमी.” आणि त्यानं बोटानं मला जवळ बोलावलं.

मी प्याले. गटागटा प्याले, कारण सगळे बघत होते. तोंडात खिळा धरल्यावर लागते तशी चव. रोजचीच. मी हाताच्या पंजानं तोंड पुसलं, तेवढ्यात जीपचा ड्रायव्हर म्हणाला, “मेली न्हाय.” सगळे हसले. साहेब हसले, चेअरमन हसला. आमच्यातलीही काही माणसं हसली, आणि त्यांच्या हसण्याचा राग माझ्या डोक्यात सगळ्यात जास्त दिवस राहिला.

तांब्या चेअरमननं त्याच्या घरून आणला होता. मी तो झग्याला पुसून त्याच्यापुढं धरला. तो दोन पावलं मागं सरकला. “राहू दे तुलाच,” म्हणाला. मायला केवढा आनंद झाला. घरात पितळेचं पहिलंच भांडं. तिनं ते चिंचेनं घासून फळीवर ठेवलं. हा तांब्या बक्षीस नाही, आपण बाटवला म्हणून टाकलाय, असं मी तिला पुढं सांगितलं, तर म्हणाली, “आसू दे. भांड्याला काय कळतंय?” त्यानं पितळेचाच का आणला होता, तेही मला पुढंच कळलं. पितळेत पिवळं पाणी पिवळं दिसत नाही.

ह्या चेअरमनला मी इथं अरे-तुरे करते आहे. तोंडावर पुष्कळ साहेब-साहेब म्हणून झालं, तेवढं पुरे. बहात्तरच्या दुष्काळात मी पाच वर्षांची होते. तहान लागली म्हणून गावच्या आडाजवळ गेले, तर ह्याच्याच बायकोनं मला ढेकूळ फेकून मारलं होतं. तेव्हा पाण्याला शिवू नको म्हणून मारलं. आता पाणी पी म्हणून उभं केलं. दोन्ही वेळेला घर एकच होतं.

आमची वस्ती जिथं आहे ती जागा आधी काय होती ते सांगते. आमचं गाव जळकोटच्या अलीकडं, हमरस्त्यापासून आत. दुष्काळात गुरं पटापटा मेली. रस्त्याच्या कडेनं नुसती हाडं आणि कातडी. माणसांना खायला नव्हतं, पण कातड्याला भाव होता. चेअरमनच्या हातात सोसायटी होती, दूध डेअरी होती. त्यानं गावाबाहेर सहकारी टॅनरी, म्हणजे कातडी कमवायचा कारखाना, काढली. सरकारचं भांडवल मिळालं, कारण ती योजनाच आमच्या लोकांसाठी होती. कागदावर संस्था आमच्या माणसांची. सभासद आमचे, चेअरमन तो.

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, छप्पन साली तरुण होते. दीक्षा घेतली आणि मेलेली ढोरं ओढायची बंद केली. गावानं भाकर बंद केली, शेतातून जायची वाट बंद केली, तरी हटले नाहीत. गावाला जे जमलं नाही ते दुष्काळानं केलं. दादा टॅनरीच्या हौदात उतरले. हे बलुतं नव्हे, ही कारखान्यातली नोकरी आहे, असं ते आम्हाला सांगायचे. आम्हाला सांगायचे की स्वतःला, देव जाणे. मी देव मानत नाही, पण बोलण्यात येतो तो.

हौदात एक नारिंगी मीठ टाकायचे. पिंपं भरभरून यायचं. त्याच्या पाण्यात कातडी बुडवून दादा पायांनी तुडवायचे. पायाला भोकं पडली. बारीक, गोल, ज्वारीच्या दाण्याएवढी, आणि खोल. दुखायची नाहीत, भरायचीही नाहीत. मग नाकाच्या आतला पडदा फाटला. तेव्हापासून दादा श्वास घेतात तेव्हा नाकातून शिट्टी वाजते. वस्तीतली पोरं लहानपणी त्यांना बघून गाडी आली, गाडी आली म्हणायची. दादाही हसायचे. मला त्या हसण्याची चीड यायची.

दुष्काळ सरला, कातडी मिळेना, टॅनरी बंद पडली. पत्रे विकले, मोटारी विकल्या. हौदात जे उरलं होतं त्यावरच मुरूम टाकून हौद बुजवले. आणि मग बेघरांना जागा द्यायची योजना आली, तेव्हा चेअरमननं तीच जागा आम्हाला वाटून दिली. हार घातले, भाषण झालं. म्हणाला, “तुमचीच संस्था, तुमचीच जागा.” खोटं नव्हतं बोलत. टॅनरीत नफा असता तर ती आमची झाली नसती एवढंच.

आम्ही घरं बांधली. उन्हाळ्यात जमिनीवर पिवळा-हिरवा फुलोरा यायचा, मिठासारखा. लावलेला लिंब जळायचा. कोंबड्या अंगण टोचायच्या आणि मरायच्या. माय त्याच अंगणात रोज अनवाणी फिरायची, हातानं सारवायची. तिच्या पायाला तशीच भोकं पडली, आणि मग हाताच्या बोटांनाही. दादांनी निदान हौदात पाय घातला होता. मायनं तर फक्त आपलं घर सारवलं होतं.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरनं मायचे हात उलटेपालटे करून बघितले आणि राहता कुठं म्हणून विचारलं. त्यानं वर काहीतरी लिहिलं असावं. वर्षभरानं बातमी आली की सरकारनं पैसे मंजूर केलेत. बंद कारखान्याची जागा आधी तपासायची आणि खराब निघाली तर खणून, ती माती लांब नेऊन टाकायची, नवी माती भरायची. आजारी माणसाला सरकार पैसे देतं हे ऐकलं होतं. आजारी मातीलाही देतं, हे पहिल्यांदा ऐकलं. मायनं मला विचारलं, “घराखालची बी खणतेत का गं?” मी म्हणाले, खणतील. ती आठवडाभर त्याच आनंदात होती. नवी माती आली की दारात लिंब लावणार होती.

साहेब यायच्या आधी चेअरमन स्वतः वस्तीत आला. खाटेवर बसला, चहा घेतला नाही. बोलला मात्र फार गोड. सरकारचा माणूस पहिल्यांदाच आपल्याकडं येतोय, म्हणाला. ही असली घाण बघून तो काय म्हणेल? ह्या लोकांना कुठंही ठेवा, ते घाणच करून ठेवतात, असंच म्हणेल ना? मग पैसे कशाला देईल? त्यापेक्षा जरा नीटनेटकं करा. माती मी देतो, ट्रॅक्टर माझा.

घाणेरडे, हा शब्द आम्ही जन्मल्यापासून ऐकत आलो होतो. शाळेत, दुकानात, एसटीत. त्या एका शब्दानं आमच्या बाया उठून कामाला लागल्या. कुणाच्याही मनात आलं नाही की साहेब घाणच बघायला येतायत. पाहुणा येणार म्हटल्यावर अंगण सारवायचं, आम्हाला एवढंच माहीत. चेअरमनचा ट्रॅक्टर ओढ्याकाठची पांढरी माती घेऊन आला. त्याच्या ट्रॅक्टरमधून आमच्यासाठी काहीतरी येण्याची ती पहिलीच वेळ. लोकांनी ट्रॅक्टरला कुंकू लावायचंच बाकी ठेवलं होतं. साऱ्या वस्तीनं ती माती पसरली, चोपणीनं चोपली, वर शेणानं सारवलं. मायनं दारापुढं रांगोळी काढली, मधोमध निळ्या रंगाचं चक्र. बोटांच्या भोकांत रंग जाऊन बसला होता.

साहेबांनी रुमाल नाकाला लावूनच खुरप्यानं वरवरची चार बोटं माती खरवडली. पाच-सहा अंगणांतली. पिशव्या भरल्या. वस्ती फार स्वच्छ ठेवलीय हो तुम्ही, म्हणाले. माय लाजली. तिला आयुष्यात कुणी तसं म्हणालं नव्हतं. मग ते पाण्याचं झालं, जे मी आधी सांगितलं.

पावसाळा संपल्यावर काम सुरू झालं. पण आमच्या वस्तीत नाही. टॅनरीची दुसरी एक जागा होती, हमरस्त्याला लागून, जिथं कातड्यांना मीठ लावून वाळवायचे. ती चेअरमनच्या भावानं मागंच आपल्या नावावर करून घेतली होती. तिथं ‘शासकीय निधीतून’ असा बोर्ड लागला. कमरेएवढं खणायचं काम होतं. त्या साली पाऊस पुन्हा दगा देऊन गेला होता, हाताला दुसरं काम नव्हतं. वस्तीतली झाडून सगळी माणसं त्या कामावर गेली. दिवाळीच्या सुट्टीत मीही पाटी उचलायला गेले.

पहिलीच पाटी डोक्यावर घेतली आणि मुकादमाला विचारलं, कुठं टाकायची. त्यानं आमच्या वस्तीमागच्या ओढ्याकडं हात केला. मी म्हणाले, तिथं तर आमची घरं आहेत. तो माणूस वाईट नव्हता. समजावणीच्या सुरात म्हणाला, “इथली माती खराब निगाली, म्हनून खनायलोत. तुमची चांगली निगाली की तपासनीत. नशीबवान हाव तुमी.”

पाटी डोक्यावर तशीच होती. मी उभी राहिले. मागच्या बाया पुढं चल म्हणून ओरडत होत्या. आमची माती चांगली निघाली. कुठली माती? ट्रॅक्टरनं आणलेली. चेअरमनच्या ओढ्याकाठची. इथं भावाच्या जागेवर मात्र कुणी सारवलं नव्हतं, कुणी रांगोळी काढली नव्हती. तो पिवळा फुलोरा इथं तसाच ठेवला होता, साहेबांनी यावं आणि बघावं म्हणून. आम्हाला घाणेरडे म्हणून त्यानं आमच्याकडून आमचा पुरावा आमच्याच हातांनी झाकून घेतला. आणि आता ती घाण आम्ही आमच्याच डोक्यावरून आमच्याच घरामागं टाकत होतो, रोजंदारीवर, तीही सरकारच्या पैशातली.

मी पाटी तिथंच उलटी केली. मुकादमानं त्या दिवसाची हजेरी कापली. कापू दे म्हटलं.

घरी येऊन मी दादांना सांगितलं. त्यांची नुसती शिट्टी वाजत राहिली. मायला मी काही सांगितलं नाही. तिला कसं सांगायचं तेच सुचेना. तिच्या सारवणाला आयुष्यात एकदा साहेबाच्या तोंडून शाबासकी मिळाली होती.

भावाच्या जागेचं काम पुरं झालं आणि ते बघायला मोठे साहेब येणार असं ठरलं. चेअरमननं पुन्हा वस्तीत निरोप धाडला. अंगणं सारवून ठेवा, पेपरवाले येणारेत, आणि त्या शाळेच्या पोरीला तांब्या घेऊन उभी करा. मायनं आदल्या दिवशीच अंगण सारवलं. हातानं, नेहमीसारखं.

साहेब यायच्या दिवशी सकाळी मी शेजारून पहार आणली आणि त्या सारवणावर घातली. माय चुलीपुढून धावत आली. “माज्या अंगनाला हात लावू नगं,” म्हणाली. मी थांबले नाही. सारवण फुटलं, पांढरी माती फुटली. चार बोटं, फार तर पाच. खाली पिवळा-हिरवा ओला थर लागला आणि टॅनरीचा तो वास आला, दादांच्या कपड्यांना यायचा तो. मी ढेकूळ उचलून मायच्या पुढं धरलं आणि सगळं सांगून टाकलं. साहेबांनी काय नेलं, चेअरमननं माती का दिली, भावाची जागा का खणली.

माय खड्ड्याच्या काठावर खाली बसली. आपली बोटं बघत राहिली. मग म्हणाली, “म्हंजी माज्याच हातानं झाकलं व्हय म्या?”

मी आजवर खूप शिव्या ऐकल्यात. ह्या वाक्याएवढं मला काहीच लागलं नाही. त्या क्षणी चेअरमन समोर असता तर पहार मी कशावर घातली असती सांगता येत नाही.

दुपारी जीप आली. पाठोपाठ चेअरमनची गाडी, गावातली चार माणसं, कॅमेरा घेऊन एक पेपरवाला. चेअरमननं उकरलेलं अंगण बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला, पण साहेबांसमोर त्यानं आवाज चढवला नाही. हे मुलांनी खेळताना केलं असेल, असं काहीतरी म्हणाला. मग मला म्हणाला, तांब्या आण, साहेबांना पाणी दाखव.

मी तांब्या आणला नाही. हमरस्त्याच्या चहावाल्याकडून काचेचा ग्लास मागून आणून ठेवला होता. त्यात हापशाचं पाणी भरलं. उन्हात ते लिंबू पिळल्यासारखं पिवळं दिसलं. साहेबांना दिसलं, पेपरवाल्याला दिसलं, आम्हालाही इतकं स्वच्छ पहिल्यांदाच दिसलं. घरात आम्ही पाणी मडक्यातून पितो. चेअरमन हळू आवाजात म्हणाला, “पी.”

मी ग्लास त्याच्यापुढं धरला. “आदी तुमी प्या,” मी म्हणाले. “मग म्या पिते.”

मी ग्लास खाली घेतला नाही. चेअरमननं साहेबांकडं बघितलं, गावच्या माणसांकडं बघितलं. त्याला विषाची भीती जास्त होती की माझ्या हातच्या पाण्याची, हे त्याचं त्यालाही ठरवता आलं नसेल. शेवटी म्हणाला, “आज मंगळवार हाय. देवीचा उपास हाय मला.”

मागून दादा बोलले. ते कधीच बोलत नाहीत मोठ्या माणसांसमोर. आधी नाकातली शिट्टी ऐकू आली, मग आवाज. “उपासाला पानी चालतं, चेअरमनसाहेब.”

ह्या वेळेला कुणी हसलं नाही. ड्रायव्हरसुद्धा नाही.

मी साहेबांना खड्डा दाखवला. मायचे पाय दाखवले. इथं खणा, म्हणाले, आणि पहार पुढं केली. साहेबांनी पहारीकडं बघितलं, मग आपल्या बुटांकडं. म्हणाले, “मी झालेलं काम बघायला आलो आहे. इथली तपासणी झालेली आहे. नवीन तपासणी माझ्या अधिकारात नाही. तुम्ही अर्ज करा.” आणि जीपमध्ये बसले. पेपरवाल्यानं भावाच्या जागेवर जाऊन फोटो काढले. ते छापून आले.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. दादांना गावात कुणी कामाला बोलवेना. पाणी वाईट आहे म्हणता ना, मग पिऊ नका, म्हणत चेअरमनच्या माणसांनी हापशाचा दांडाच काढून नेला. आमच्या बाया दोन मैलांवरून पाणी आणू लागल्या आणि त्यातल्या कितीतरी मलाच शिव्या द्यायच्या. ज्यांच्यासाठी बोलले त्यांच्याच शिव्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पश्चात्ताप झाला नाही. अर्ज केले. तालुक्याला तहसिलीत लागलेल्या एका ओळखीच्या पोरानं लिहून दिले, पुढं मी स्वतःच लिहायला लागले. उत्तर ठरलेलं, सदर जागेची तपासणी झालेली असून माती दोषमुक्त आढळली आहे. सरकारदरबारी आमची माती म्हणजे अजून ती ट्रॅक्टरची चार बोटं मातीच.

मायचा उजव्या पायाचा अंगठा मागल्या साली कापावा लागला. आता ती बसून असते, उंबऱ्यावर, खड्ड्याकडं तोंड करून. तो खड्डा मी बुजवू दिला नाही. माझं लग्न त्याच दारात लागलं. पाहुणे खड्ड्याला वळसा घालून आले, नाकं मुरडली, पोरीकडची माणसं घाणेरडी दिसतायत म्हणाले. ऐकून घेतलं. मायनं त्या दिवशीसुद्धा अंगण सारवलं नाही. मी तिला नको म्हणून सांगितलं नव्हतं.

पुन्हा पैसे मंजूर होतील, पुन्हा कुणी साहेब येतील, आणि लग्नानंतरही मी ह्याच घरात आहे. ह्यापुढं आमच्या दारात सारवण नाही, रांगोळी नाही, आणि पाणी पिऊन दाखवणं नाही. पहार मी परत केली नाही, शेजाऱ्याला दुसरी घेऊन दिली. ती दाराआड उभी आहे. येणाऱ्या साहेबानं खुरपं काढलं की मी ती त्याच्या हातात देईन आणि चार बोटांच्या खाली जाईपर्यंत त्याला जीपकडं वळू देणार नाही.